एकटीनं पहाडात

आमचे हे एअरफोर्समधून निवृत्त झाले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरची शेवटची पोस्टिंग संपल्यावर आम्ही तिथंच जवळ, जानकीपुरममध्ये घर घेतलं होतं. गॅस नीट बंद केलास का, फोडणी करपली का, भेंडी एवढी बारीक कशाला, असा दिवसभर तपास सुरू झाला. नोकरीत असताना हा माणूस सदा कुठंतरी निघालेला. मी दारात हातावर दही द्यायची, हे चाटून निघून जायचे, आणि मागे घर माझं असायचं. आता माझी झोप उडाली. भाजीवाल्या भैयावर मी उगाच खेकसायला लागले. एकदा कढी फुटली तर चक्क रडले.

"मी चार दिवस कुमाऊँच्या पहाडात जाते," म्हटलं. मला एकटीला जायचं होतं. नाही गेले तर डोकं फिरेल असं खरंच वाटत होतं.

"चल, जाऊ," हे म्हणाले.

घ्या! सोबत कुकर, मेतकूट, दोरी आणि शिट्टी. आम्ही उतरलो होतो त्या गावातून वरच्या कुरणाकडे मळलेली वाट जाते. तिच्यावर हे शिट्टी वाजवून मला पाणी प्यायला थांबवत होते. तहान कधी लागावी हेही आता माझ्या हातात नव्हतं! बुरांसची झाडं लालेलाल फुललेली, आणि माझे दात आवळलेले. शेवटी ह्यांचा गुडघा बोलायला लागला. एका दगडावर बसून म्हणाले, "तू हो पुढे. मी इथंच आहे."

मी मागे वळूनही पाहिलं नाही.

वर झाडं संपली आणि गवत सुरू झालं. समोर बर्फाची शिखरं, आणि आसपास चिटपाखरू नाही. मी बसले आणि मोठ्यानं भांडायला लागले. भेंडी, फोडणी, बदल्या, दर बदलीला बांधलेल्या लोखंडी पेट्या, सगळं बाहेर काढलं. पहाडानं मध्येच सल्ला दिला नाही. बोलून बोलून घसा बसला, मग गवतावरच आडवी झाले आणि गाढ झोपले. किती महिन्यांनी! जागी झाले तेव्हा कडकडून भूक लागली होती आणि कुणाचाच राग येत नव्हता. तसं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

खाली आले तर हे म्हणाले, "किती वेळ! थर्मासमधला चहा गार झाला." हलकेपण तिथंच निम्मं उतरलं.

पुढच्या वर्षी मी एकटीचंच तिकीट काढलं. मग काय, ह्यांचा रोज नवा विषय. अस्वलं, दरडी, नेटवर्क. लेकीचा फोन आला तर तिचं तिसरंच. "मम्मा, अकेले? अच्छा, और पापा के खाने का क्या?"

"तुझ्या पप्पांना दोन हात आहेत," मी म्हणाले.

"हाँ, पर यार मम्मा..."

मी फोन ठेवला.

निघायच्या संध्याकाळी टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी सॅक घेऊन दारात उभी, आणि हे आत गायब. निरोप द्यायलाही माणूस जागेवर नसावा!

"अहो, आता काय शोधताय?"

"दही कुठे ठेवलंय?"

आत्ता भूक लागली होती! "फ्रिजमध्ये! समोरच आहे, डोळे उघडून बघा!" मी इतकी ओरडले की समोरच्या भाभी गॅलरीत आल्या.

हे वाटी आणि चमचा घेऊन बाहेर आले. चपला न घालताच, थेट दारापर्यंत. चमचा दह्यानं भरला.

"हात पुढे कर."

इतक्या वर्षांत ह्या घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही मीच दिलं होतं. माझ्या हातावर कुणी दिलं नव्हतं, आणि ते राहून गेलंय हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. मी हात पुढे केला.

"डावा नाही," हे म्हणाले. "उजवा."

उजव्या हातात सॅक होती. ती मी खाली ठेवली.