लेऑन्सने घडवलेली फॅनी

लेऑन्स सुतार गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता, निदान त्याची तशी समजूत होती. एक त्याची मोजपट्टी आणि दुसरी त्याने घडवलेली फॅनी. बास्तियाँच्या बारमध्ये, दोन झडपांच्या पेटीत ही लाकडी बाई घागरा वर करून पाठमोरी उभी असे. पेतांकच्या, म्हणजे लोखंडी गोळे टाकायच्या खेळाच्या, डावात तेरा-शून्यने हरणाऱ्याने सगळ्यांदेखत गुडघे टेकायचे आणि तिच्या ढुंगणाचा मुका घ्यायचा, ही रीत. तेवीस वर्षांत निम्म्या गावाने तो घेतला होता. ओठात कुसळ गेल्याची कुणी तक्रार केली की लेऑन्स म्हणायचा, "ओठ नाजूक असतील तर आधी खेळायला शिका!" पॉलिशपेपर त्याने कधी मारलाच नाही. त्याला स्वतःला थोडेच तिथे तोंड लावायचे होते?

त्या रविवारी त्याने आपल्या मेहुणीला, बेकरीवाल्या झेलीला, मोठ्या मनाने डावाला बोलावले. "ये, तुला चार गोष्टी शिकवतो."

आठ-शून्य झाले तेव्हा त्याने उन्हाला दोष दिला, दहाला बुटांना. बारा-शून्यला दोष द्यायला काही उरलेच नाही.

"भावोजी," झेली म्हणाली, "शिकवणी अजून सुरू व्हायचीय का?"

शेवटच्या फेरीत सगळे गोळे टाकून झाले. लक्ष्य म्हणून टाकलेल्या लाकडी गोळीच्या एका बाजूला त्याचा लोखंडी गोळा, दुसऱ्या बाजूला तिचा. ज्याचा जवळ त्याला गुण, पण जवळचा कुठला ते नजरेला कळेना. मोजायचे लेऑन्सनेच, स्वतःचा डाव असला तरी. त्याच्या मापावर कुणी कधी शंका घेतली नव्हती, आणि याचा त्याला फॅनीपेक्षाही अभिमान होता.

तो वाकला. झेलीचा गोळा दोन मिलिमीटरने जवळ होता. त्याने पुन्हा मोजले. उन्हात पट्टी आक्रसली असेल, अशी सुताराला न शोभणारी आशाही करून पाहिली. दोन मिलिमीटर कुणाला दिसणार होते? एक शब्द बोलला की एक गुण मिळाला, अब्रू वाचली.

"सांगा की," झेली म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते खरं."

हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तुझा," तो इतक्या हळू बोलला, की बास्तियाँने त्याला पुन्हा बोलायला लावले.

बारची घंटा वाजली, झडपा उघडल्या. गाव लोटले. लेऑन्सने गुडघे टेकले, डोळे मिटले आणि त्याच्याच हातच्या बाईने त्याच्या खालच्या ओठात कुसळ घातले.

झेलीने त्याला खिडकीपाशी बसवले आणि पर्समधून चिमटा काढला. "तोंड मिटा. जमत नाही तुम्हाला, ठाऊक आहे. तरी मिटा."

कुसळ निघाले. "एवढं दुखतं?" तो पुटपुटला.

"मागच्या उन्हाळ्यात माझ्या ओठातून दोन निघाली. तुम्ही सगळ्यात मोठ्याने हसला होतात."

लेऑन्सने हरणाऱ्याच्या नजरेने फॅनीकडे पाहिले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी बार उघडायच्या आत तो पॉलिशपेपर घेऊन दारात हजर. फॅनीला आडवी घेऊन तासभर घासत बसला, गाल लावून लावून बघत होता.

"आजच कसं सुचलं?" बास्तियाँने विचारले.

"येत्या रविवारी पुन्हा झेलीशीच डाव आहे," लेऑन्स म्हणाला आणि आणखी बारीक कागद काढला.