आईच्या गुडघ्यांना देवाची मंजुरी

अंधेरीच्या त्या कंपनीत मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी आम्हा नव्या पोरांना एका थंडगार खोलीत बसवून सवलतींची माहिती दिली होती. एसी असा की बोलणाऱ्या बाईंच्या तोंडातून वाफ येत होती. सगळे पेंगत होते, मीही पेंगतच होतो. पण बाई म्हणाल्या, "आरोग्य विम्यात आई-वडीलसुद्धा धरलेत," आणि मी असा ताडकन उठलो की शेजारच्याच्या हातातली कॉफी त्याच्या शेजारच्याच्या मांडीवर गेली.

संध्याकाळी बोरीवलीला घरी येऊन कार्डाचा कागद बाबांच्या हातात ठेवला. बाबा जुने गिरणी कामगार. विमा म्हणजे त्यांच्या लेखी लालबागचा विम्याचा दवाखाना, लाकडी बाक आणि ताप असो, खोकला असो, मुकादमाशी भांडण असो, सगळ्यावर मिळणारं तेच गुलाबी औषध. त्यांनी कागद उजेडात धरला, पुन्हा वाचला आणि तडक खाली जाऊन लॅमिनेट करून आणला. आईने त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात गणपतीशेजारी उभा केला. तेव्हापासून आमच्या घरी सकाळची उदबत्ती आधी देवाला आणि मग कंपनीला ओवाळली जायची.

वर्षातून एकदा फुकट तपासणी असायची. तिचा आमच्याकडे सणच. आई ठेवणीतली पैठणी नेसायची, बाबा इस्त्रीचा सदरा घालायचे आणि उपाशीपोटी रक्त द्यायला दोघं अशी निघायची की सोसायटीचा वॉचमन विचारायचा, "लग्न कोणाकडे?" रक्त दिल्यावर तिथे नाश्ता मिळे. आई आपलं सँडविच रुमालात बांधून माझ्यासाठी घरी आणायची. माझा पगार तेव्हा तिला माहीत होता, तरीही. त्या चपट्या, गार सँडविचची चव मी नंतर पंचतारांकित हॉटेलांतही शोधली, सापडली नाही.

तपासणीत साखर, दाब, कोलेस्टेरॉल सगळं निघायचं. गुडघे मात्र कधी निघाले नाहीत, कारण त्यांच्याबद्दल आई बोलायचीच नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "माका काय जाला? बरी आसंय मी."

पण गावचा किस्सा आम्हाला ठाऊक होता. आमचं मालवणकडचं घर रस्त्यापासून खाली, दरीत. तिथे जायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उतरण. एवढी खोल की वरून नारळ सोडला तर खाली पोचेपर्यंत त्याला कोंब फुटेल. एका गणेशचतुर्थीला आईचे गुडघे पहिल्या वळणावरच संपले. पुतण्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला बसवलं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन खाली उतरवलं. वाडीतली पोरं मागून ओरडत होती, "गणपती बाप्पा मोरया!" सगळे हसले, आईही हसली. त्यानंतर ती गावाला गेली नाही. दरवर्षी चतुर्थी आली की तिला काहीतरी कारण सापडायचं. कधी सोसायटीचं पाणी जाणार, कधी शेजारणीची मांजर विणार.

असं चाललेलं असताना कंपनीने बस्तान बंगळुरूला हलवायचं ठरवलं. ज्यांना जायचं नाही त्यांनी मार्चअखेर नमस्कार करावा. मी मुंबई सोडणाऱ्यातला नव्हेच. माझ्या टेबलाशी येऊन त्याच वाफेच्या बाई हळूच म्हणाल्या, "अरे, नोकरी गेली की त्या दिवशी विमाही गेला. आई-बाबांचं काही राहिलं असेल तर आत्ता उरकून घे. बाहेर स्वतःची पॉलिसी काढशील, पण जुन्या दुखण्याला तिथे वर्षानुवर्षं थांबवतात. इथे तसं नाही."

त्या संध्याकाळी मी आईसमोर बसलो. "आई, दोन्ही गुडघे बदलून घेऊ. आत्ता केलं तर कंपनी करेल. नंतर आपल्याच्याने व्हायचं नाही."

आई भाजी निवडत होती. बराच वेळ देठं मोडत राहिली. मग म्हणाली, "पाखाडी उतराक जमात?"

"पळत उतरशील."

"पळाचा नाय माका. चलाचा आसा."

मी दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं. कॅशलेसच्या काउंटरवर एक चष्मेवाला गृहस्थ होता. त्याने एक्स-रे पाहिले, कागद वर पाठवले आणि विमा कंपनीची मंजुरी इतक्या झटपट आली की माझा चहा अजून फुंकरण्याजोगा होता. झकास! मी उड्या मारत घरी आलो आणि बाबांनी उडी मध्येच पकडली.

"देवाक इचारल्याबिगर अंगाक सुरी लावची नाय."

"बाबा, मंजुरी आलीय!"

"कंपनीन हो म्हटल्यान म्हणान देवान पण म्हणूक होया असा काय नाय."

आमच्याकडे घर बांधा, लग्न ठरवा, बैल विका, आधी ग्रामदेवतेला कौल लावायचा. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. देवाच्या उजव्या अंगाची आधी गळली तर होकार, डाव्या अंगाची गळली तर नकार. आणि नकार आला की त्यावर परत बोलायचं नाही, हा रिवाज. देवाला दोनदा विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं.

बाबांनी गावातल्या पुतण्याला कामाला लावलं. दुपारी त्याचा फोटो आला. गडी देवाकडे पाठ करून उघड्या अंगाने उभा, चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखं हसू, मागे एका अंगाची पाकळी गळलेला देव. खाली लिहिलेलं, "कौल झालो. फोटो बगा." बाबांनी चष्मा लावला, फोटो बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"डाव्या अंगाची पडली," एवढंच बोलले.

वाट लागली. मी समजावलं, ओरडलो, डॉक्टरांचा मुद्दा काढला, देवाचाही काढला. बाबा भिंत झाले. बरं, माणूस दुष्टही नाही. आईला काही झालं तर, या भीतीने आतून पिचलेला. रात्री तिच्या गुडघ्यांना तेल तेच चोळायचे.

इकडे काउंटरवरून फोनांवर फोन. "साहेब, पेशंट कुठाय?"

"जरा थांबा, वरून मंजुरी यायचीय."

"अहो, कधीच आलीय!"

"त्याच्याही वरून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तिथे आमचा काउंटर नाही. तुमची मंजुरी महिनाअखेरीला संपते, एवढं बघा."

मार्च असा पळत होता की कॅलेंडरची पानं पंख्याशिवाय उडत होती. आई मात्र एका शब्दाने वाद घालेना. फक्त रोज दुपारी बाबा झोपले की त्यांचा मोबाइल घ्यायची आणि तो फोटो उघडून बसायची. एकदा मी तिला पकडलं.

"काय बघतेस गं एवढं?"

"देऊळ बगतंय," ती म्हणाली. "किती वर्सा झाली."

बोटांनी फोटो मोठा करकरून ती खांब बघत होती, फरशी बघत होती, माहेरच्या माणसांकडे बघावं तशी. आणि एका दुपारी तिने एवढ्या जोरात हाक मारली की बाबा झोपेतून उठून थेट चपला घालून उभे राहिले.

"अवो, हो कोनाडो बगा! लगीन होऊन इल्यावर पयलो दिवो मी हयसर लावलंय. देवाच्या डाव्या अंगाक आसा तो. हय उजवीक कसो इलो? देवळान कूस बदलल्यान काय?"

बाबांनी पाहिलं. मी पाहिलं. पुतण्याने सेल्फी काढली होती आणि त्याच्या फोनने आरशासारखं उजव्याचं डावं करून ठेवलं होतं! बाबांनी लगेच त्याला फोन लावला.

"रे मेल्या, पाकळी खयच्या अंगाची पडली?"

"उजव्या, काका! गुरव म्हणालो, असो कौल वर्सात पडाक नाय. काकीचा ऑपरेशन झाला मां?"

बाबांनी त्याला फोटो उलटा आल्याचं ऐकवलं. मग जी शिवी हासडली ती मी लिहीत नाही. ती छापली तर कागद जळेल. आई आत गेली आणि हातात पिशवी घेऊन बाहेर आली. साडी, कंगवा, टॉवेल, सगळं आधीच भरलेलं.

"कधी भरलीस ही?" मी विचारलं.

"कंपनीन हो म्हटल्यान तेवाच," ती म्हणाली. "गुडघे माजे, सुरी माका लागतली. डावो पडलो असतो तरी मी जातलंय. पण ह्यांच्या जिवाक घोर लागलो असतो, म्हणान रवलंय."

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मी ऑफिसचा लॅपटॉप परत करत होतो तेव्हा आई हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये वॉकर धरून पावलं टाकत होती आणि बाबा पुढे उलटे चालत, जणू तिला पहिल्यांदाच चालायला शिकवत होते.

आता माझी कंपनी दुसरी, बाबाही नाहीत. नवं कार्ड मोबाइलमध्येच येतं, त्याला हळदकुंकू कुठे लावणार? देव्हाऱ्यात अजून ते जुनंच आहे. मुदत कधीच संपली, आईची उदबत्ती संपलेली नाही.

आणि त्या वर्षीची चतुर्थी मला कालच्यासारखी दिसते. आई पाखाडी उतरतेय, एका हातात काठी, दुसरा हात कडेच्या गडग्यावर, जांभ्याच्या बुटक्या भिंतीवर. प्रत्येक पायरीवर थांबतेय, पण दमून नाही. ही पायरी नवी, हा फणस कोणी तोडला, असं विचारत. मागून बाबा तीच प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन येताहेत. लागली तर असावी म्हणून. वाडीतली पोरं खाली टपून बसलेली.

आई अंगणात पोचली, तुळशीपाशी उभी राहिली आणि वळून वर पाहिलं. बाबा शेवटच्या वळणावर खुर्ची टेकवून तिच्यात धापा टाकत बसले होते.

आईने पोरांना हाक मारली. "काय बगतास? जावा, ह्यांका उचलून हाडा. आणि मोरया मोठ्यान म्हणा!"