राणीची तीन पिल्लं आणि पंधरा दिवसांची मुदत

कुत्रं एकच पाळलं तरी किस्से ढीगभर जमतात, आणि त्याची पिल्लं वाटली की मग विचारूच नका! नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत नव्यानं फोन आला, त्याच वर्षी आमच्या राणीला, म्हणजे कॉकर स्पॅनियल कुत्रीला, तीन पिल्लं झाली. तिन्ही मी ओळखीत दिली. अट एकच, नाही जमलं तर पंधरा दिवसांत परत आणा, रस्त्यावर सोडू नका.

"एकही परत येणार नाही!" मी बायकोला ठणकावून सांगितलं. आली असती तर ठेवायला जागाही नव्हती.

* * *

तिसऱ्याच दिवशी सातपूरहून खैरनारांचा फोन. कंपनीत मशीनवर काम करणारा धीट माणूस, पण आवाज कापत होता.

"साहेब, पिल्लाच्या कानातून दूध गळतंय! डॉक्टरकडे नेऊ?"

मी म्हटलं, "अहो, पिताना कान दुधात बुडतात. जेवताना वर बांधा!"

दुसऱ्या दिवशी मुलीच्या दोन्ही रिबिनी पिल्लाच्या डोक्यावर, आणि मुलगी शाळेत वर्गाबाहेर उभी!

* * *

आमच्याच कॉलनीतल्या जोशीबाई मराठीच्या शिक्षिका. त्यांनी आधीच दारावर पाटी लावलेली, 'कुत्र्यापासून सावध राहा'. पण त्यांना दिलेलं दुसरं पिल्लू भुंकेल तर शपथ! कुणीही आलं की आनंदानं लोळण घ्यायचं आणि त्याच्या पायावर शू करायचं. मी सांगितलं, "रागावू नका, मोठं झालं की सवय जाईल."

बाईंनी पाटी काढली नाही. खाली सुवाच्य अक्षरात भर घातली, 'कारण : आनंद.'

* * *

तिसरी सोनी. तिच्यावर बायकोचा फार जीव. ती न्यायला घोटीचे तात्या आले, भातशेती करणारे, तेही सुनेच्या हट्टामुळे.

"राखण करंल का, साहेब?"

"नाही."

"मंग काय करंल?"

"दिवसभर तुमच्या मागेमागे फिरेल."

"त्याला बायको हाय की!"

तरी नेली. जाताना बजावलं, "पंधरा दिस. मोजून."

* * *

मग घोटीच्या एसटीडी बूथवरून फोन सुरू झाले. "लय रडती, साहेब. एकटी ऱ्हात नाय." मी म्हटलं, "आई सुटलीय तिची. जवळ घ्या." "आमच्यात कुत्रं घरात घेत नाय!" म्हणून त्यांनी फोन आपटला.

दोन दिवसांनी पुन्हा. "नवी चप्पल खाल्ली!"

"चावायला दुसरं काही द्या ना."

"दिली की. दुसरी चप्पल!"

त्यानंतर फोन बंद. बायको म्हणाली, "परत येणार बघा." मी नाही म्हटलं खरं, पण पलंगाखालची ट्रंक सरकवून जागा किती होते ते गुपचूप पाहिलं.

* * *

पंधराव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तात्या. कडक इस्त्रीची टोपी, एका काखेत सोनी, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. माझा चेहरा पडला. बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

तात्यांनी सोनीला अलगद खाली सोडलं आणि हात जोडले.

"राम राम, व्याही! पोरीला माहेराला आणलंय. सांच्याच्या यष्टीआधी न्यायला येतो."