वाकडी चौकट

पुढच्या दाराची चौकट वाकडी आहे, हे आमच्या ह्यांनी पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा मी पोहे परतत होते. निवृत्त माणसाला सकाळी काहीतरी खुसपट लागतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"अवं, पाह्य तरी. मधातच पोट काढून राह्यली चौकट," हे पुन्हा म्हणाले.

ह्यांच्या नजरेला नावं ठेवायची सोय नव्हती. सगळी नोकरी जंगल खात्यात, वनपाल म्हणून. सागाचा ओंडका नुसता बघून त्याचं माप सांगायचे आणि मग टेप लावणाऱ्याकडे दयेनं बघायचे. निवृत्तीनंतर गोंडपिपरीला घर बांधलं, तेव्हा चौकटीचं लाकूडही डेपोतून स्वतः निवडून आणलं. ते घडवलं ह्यांच्या जुन्या दोस्तानं, आमच्या गल्लीतल्या वाढयानं. सुताराला आमच्याकडे वाढईच म्हणतात. दोघं रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसून एकाच प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचे, निम्मा निम्मा खायचे आणि माझ्या अंगणात थुंकायचे. त्या दोस्तीत मला न आवडणारं एवढंच होतं.

वाढयाला बोलावणं गेलं. त्यानं चौकटीला ओळंबा लावला. वजन हललं, थांबलं, दोरा सरळ झाला.

"पाहा भाऊ. केसाचा फरक नाई."

ह्यांनी निरखून पाहिलं. "तुया दोराच वाकडा हाय."

"खाली वजन लटकून राह्यलं, भाऊ. दोरा वाकडा कसा होईन?"

"ते मले काऊन विचारतं? घेतला तवा पाह्यला नाई का दुकानात?"

वाढयानं ओळंबा गुंडाळला, घोटलेला खर्रा तसाच ओट्यावर ठेवला आणि निघून गेला. त्या माणसानं खर्रा टाकून जाणं म्हणजे घरावर मोर्चा आणण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो त्याच्या ओट्यावर आणि हे आमच्या ओट्यावर, असे दोघं वेगवेगळे घोटू लागले. अंगण निम्मं स्वच्छ राहू लागलं, पण मला काही बरं वाटेना.

ह्यांना मग गावात सरळ असं काही सापडेना. विजेचा खांब वाकडा, कॅलेंडरचे चौकोन वाकडे, शेजारच्यांच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, तर त्यांनी मुद्दाम वाकडा केलेला. एका सकाळी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "भांग वाकडा पाडला तू." लग्न झाल्यापासून मी आरशात न बघता सरळ भांग पाडत आले आहे. त्या दिवशी ह्यांना चहा साखरेविना मिळाला.

शेवटी वाढईच आला, समेटाला नव्हे, भांडायला. गावात त्याच्या कामाची बदनामी होत होती. रंधा मारलेली नवी पट्टी त्यानं सोबत आणली होती. वाढई लोक बघतात तशी एक डोळा मिटून त्यानं तिची कड न्याहाळली आणि मग चौकटीचीही. हे मागे राहणारे थोडेच! त्यांनीही एक डोळा मिटला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

मी चहा घेऊन बाहेर आले तर हे दोस्ताकडे तोंड करून आळीपाळीनं डोळे मारत होते. या वयात काय हे, असं म्हणणार तोच ह्यांचा चेहरा दिसला आणि मी कप खाली ठेवला.

"डाव्यानं सरळ हाय," हे हळूच म्हणाले. "उजव्यानं वाकडी. आन् मधात डाग हाय."

गावात सल्ल्यांना तोटा नाही. मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढा, असं अर्ध्या गल्लीनं सांगितलं. वाढईच अडून बसला. "लाकडाले ओल लागली तं आपण वाट पाहतो का? उद्याच चाला." आणि आम्हाला घेऊन तो एसटीनं चंद्रपूरला गेला.

तिथल्या डॉक्टरनं बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं की हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आत मागे पडदा असतो, त्याच्या मधोमध खाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवून त्यांतून ओल झिरपते आहे. फरशीखाली पाणी शिरलं की फरशी उचलते, तसा पडदा उचलला आहे, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. चष्म्यानं हे जाणार नाही. डोळ्यात इंजेक्शन, महिन्याला एक. थांबलात तर मधली नजर जाईल, कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही.

"दुसऱ्या डोळ्यातही असं होऊ शकतं का?" मी विचारलं.

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे हिचं तोंड नाई दिसणार?" ह्यांनी विचारलं.

एरवी मी यावर काहीतरी चावरं बोलले असते. त्या दिवशी मला फार भीती वाटली.

आणि इंजेक्शनच्या वेळी हा जंगलात अस्वलाला सामोरा गेलेला माणूस "पानी पिऊन येतो" म्हणून उठला. पाण्याची बाटली माझ्याच हातात होती. वाढई दारात आडवा बसला. "बसा भाऊ. ही चौकट माही नाई, पण जाऊ नाई देणार मी."

इंजेक्शन झालं. बधिर करायचे थेंब घातले होते, त्यामुळे दाबल्यासारखं वाटलं, बस. गावात मात्र सुई वीतभर झाली होती.

डॉक्टरनं चौकोनांचा एक कागद दिला होता. रोज एकेक डोळा झाकून त्याकडे बघायचं, रेघा वाकल्या की लगेच यायचं. ह्यांना कागद पटेना, ते चौकटीकडेच बघायचे. "सरळ हाय," रोज ठणकावून सांगायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की हे रोज उजवाच डोळा झाकतात. मी माझा तळवा त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. त्यांनी चौकट वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाले, "पोट कमी झालं. पण हाय."

पुढच्या इंजेक्शनांनी ओल ओसरली. थोडा डाग राहील, डॉक्टर म्हणाले, आणि तपासणी चुकवायची नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी हे ओट्यावरून ओरडले, "चौकट वाकडी!"

धावत जाऊन मी त्यांचा डावा डोळा झाकला.

"वाकडी."

उजवा झाकला.

"वाकडी!"

वाढई बनियनवरच पळत आला. ओळंबा सोडला. आम्ही तिघंही दोऱ्याकडे बघत राहिलो. खालची काळी माती पावसात फुगून पाया हलला होता आणि चौकट दोन सूत, म्हणजे पाव इंच, झुकली होती.

"झुकली, भाऊ," वाढई म्हणाला, आणि मटकन पायरीवर बसून त्यानं गमछ्यानं डोळे पुसले. "दोन सूत. दोन्ही डोळ्यांनी दिसून राह्यली तुमाले?"

"दोन्ही."

वाढई उठला. "थांबा, आताच खोलून सरळ करून देतो."

"हात तं लावून पाह्य! दोन्ही डोळ्यांनी सारखी दिसून राह्यली मले," हे म्हणाले.

तेव्हापासून आमचं दार नीट लागत नाही. ते दोघं ओट्यावर खर्रा घोटत बसलेले असतात, आणि मी आतून खांदा लावून दार ढकलते.