कासवाचं पुढं काय झालं

सन दोन हजार पाच. माझं वय तेव्हा पासष्ट. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलाला नाही, देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी दुसरी शिकलेला माणूस. जयगडच्या वाटेवर आमचं गाव, थोडी हापूसची कलमं. तोंडाचा फटकळ. गावात म्हणायचे, हा भांडेल, पण खोटं बोलणार नाही. ते ऐकायला मला फार आवडायचं — का नाही आवडणार?

नात पूजा आठ वर्षांची होती तेव्हा तिच्या मुंबईच्या मामानं एक गोष्टीचं पुस्तक पाठवलं. पाण्याखालचं राज्य, तिथं उतरलेली एक पोरगी, आणि तिला वाट दाखवणारं म्हातारं कासव. मग जवळजवळ दर वर्षी पुढचा भाग. मामा मुंबईच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, मी फाट्यावर जाऊन घ्यायचो. पूजा पडवीत बसून मोठ्यानं वाचायची आणि मी समोर आंबे उतरवायच्या झेल्याची जाळी विणत कुरकुरायचो.

"काय गो ही थेरं! कासव कधी बोलतं?"

"तुम्ही बोलताच की, आजोबा."

सगळं घर हसायचं. मी नाही हसायचो. पण कान तिकडेच — जाळीचे टाके चुकायचे, उसवून पुन्हा घालायचो, म्हणजे आणखी थोडं ऐकता येईल.

आणि पोर शाळेत गेली की मी तेच पुस्तक काढायचो. अक्षरांखाली बोट ठेवून. गोष्ट कानांनी पाठ झालेली, त्यामुळे शब्द आपणहून पुढे यायचे — हा 'समुद्र', ही 'पाठ', हे 'कासव'. दुसरीत मास्तरांच्या छडीनं जे आलं नाही ते ह्या पुस्तकांनी शिकवलं. आज पेपर वाचतो, औषधाच्या बाटलीवरचं वाचतो, हे लिहितो आहे — सगळं त्यांचं देणं. ज्या कुणी ती लिहिली त्याचं घर सुखी राहो. पण तेव्हा मला वाचता येतं हे मी घरात कळू दिलं नाही. इतकी वर्षं ज्याला थेरं म्हटलं, ते चोरून वाचतो हे कसं सांगायचं?

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि मागे सरतो — बघा.

शेवटचा भाग त्या वर्षी ऐन आंब्यात आला. पूजाची दहावी झालेली, पावसाळ्यात दापोलीला शेतीचं शिकायला जायची होती. ती सगळ्यांना सांगून बसलेली — शेवटचं पुस्तक ह्याच पडवीत वाचणार, मगच घर सोडणार. मी फाट्यावर गेलो. ड्रायव्हर दत्तारामनं खिडकीतून पुडकं माझ्या हातात दिलं. आणि मी घरी येऊन म्हणालो, काही आलं नाही.

का? आधीची सगळी मी उष्टी वाचली होती — पोरीनं वाचून झाल्यावर. एक तरी कोरं, मी आधी, माझ्या डोळ्यांनी वाचीन — एवढंच. चार दिवसांनी देईन म्हटलं. पण माझं वाचणं बैलगाडीचं, आणि काही आलंच नाही असं एकदा बोलून गेल्यावर ते काढणार कुठून?

पुस्तक मी अढीत लपवलं. खोलीत गवत पसरून आंबे पिकत घातलेले, तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नसे. आंबे परतायच्या निमित्तानं दार लावायचं आणि वाचत बसायचं. बाहेर पूजा रडत होती. मला ऐकू येत होतं.

मामानं विचारणा केली म्हणून दत्ताराम घरी आला. "तात्या, तुमच्या हातात दिलं की मी! आठवा जरा." मी म्हणालो, "मी खोटं बोलतो काय रे?" दारापुढच्या खळ्यात माणसं उभी होती. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर वाडीतल्या कुणी त्याच्याकडे पुडकं म्हणून दिलं नाही. मामानं दुकानं पालथी घातली, पण प्रती संपलेल्या. पूजा न वाचताच दापोलीला गेली.

आणि मी? माझाही शेवट राहिला. गवताखाली पुस्तक, त्यावर एक आंबा नासून बसला — जन्मभर आंबे पिकवलेल्या माझ्या नाकाला तो कळला नाही. शेवटची पानं रसानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवायला गेलो तर फाटली. कासव जगलं की मेलं? महिनोन्‌महिने तेवढंच डोक्यात.

गणपतीला पूजा घरी आली. तिकडे एका मैत्रिणीकडे तिला ते पुस्तक मिळालं होतं. विसर्जन झालं, ती पडवीत बसली होती, आणि मी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "त्या कासवाचं पुढं काय झालं गो?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही ऐकत होता, आजोबा?" आणि माझ्या शेजारी सरकून सगळं सांगत सुटली — पहिल्यापासून, आवाज काढून, हात उडवून. कासव त्या पोरीला किनाऱ्याशी आणून सोडतं आणि परत फिरतं. "रडतं हो ते. पण पाण्यात कुणाला दिसणार?" तिचे डोळे भरले, माझेही. एवढं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. समोरच तर होती.

दुसऱ्या दिवशी ती दापोलीला परत जायची होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो, ते पुस्तक काढलं आणि न्हाणीच्या चुलीत घातलं. ओलसर होतं, फुंकावं लागलं. थोड्या वेळानं पूजा आतून ओरडली, "आजोबा, आज पाणी कसलं कडकडीत तापवलंत!"

मी म्हटलं, "हूं."