प्लगाचं नाक

हे मी कुनाला बोलले न्हाई. मालकांना न्हाई, लेकींना न्हाई, देवाम्होरं बसले तरी न्हाई. आता तुम्हाला सांगते — का सांगते, ते मला बी ठाव न्हाई.

वारज्याला आमचं पत्र्याचं गॅरेज व्हतं. मालक आन् माझा दीर, दोघं भाऊ चालवायचे. मी शाळेत दोनच वर्सं गेलेली, ती बी गुरांमागं जायचं नसंल त्या दिवशी. पन गाडीचे प्लग काढले की ते माझ्याकडं यायचे. रॉकेलात बुडवायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, फडक्यावर वळीनं मांडायचे. प्लगाच्या तोंडात पांढरं नाक असतं, चिनी मातीचं. लांब नाकाचा प्लग तापून ऱ्हातो, आखूड नाकाचा लवकर निवतो. घासून घासून कळलं मला. नवे आनायचे तर जुना एक पदराच्या गाठीत बांधायचा, नाना पेठेत जायचं, नाक बघून उचलायचे. कधी चुकले न्हाई.

मग दिराचं लगीन झालं, शालन आली. माझी धाकटी जाऊ. दहावी शिकलेली. तिनं वही केली — कुठल्या गाडीला कुठल्या नंबरचा प्लग. एक दिवस मालक सगळ्यांम्होरं म्हनले, “चला, घरात एक तरी शहानं मानूस आलं. आता पदरात प्लग बांधून हिंडायला नको.” सगळे हसले. मी बी हसले. नाना पेठ तिची झाली, मी घासायला ऱ्हायले.

काय वाटलं म्हनता? तिची वही दिसली तरी घास गिळवायचा न्हाई. ती वाईट असती तर बरं झालं असतं. पन ती माझ्या पोरींच्या वेन्या घालायची.

लाकडाच्या वखारीवाले एक शेठ व्हते. त्यांची जुनी विलायती गाडी व्हती, लांबलचक, आत मऊ कातडं, सहा प्लगाची. पोरीचं लगीन साताऱ्याला, नवरी त्याच गाडीतनं जायची. प्लग गेलेले, आन् तसले परदेशी मिळंनात. शालननं जुन्यावरचा नंबर लिहून नेला, दुसऱ्या कंपनीचे त्याच नंबरचे आनले. आटे सारखे, उंची सारखी. दिरानं डबीवरचा नंबर बघितला, मान हालवली, बसवायला घेतले.

डबीतनं काढून देत व्हते मी. पहिल्याचंच नाक बघितलं — लांब. जुन्याच्या दीडपट.

त्या दोन कंपन्यांचे नंबर उलटे चालतात म्हनं. एकीचा मोठा नंबर गरम, दुसरीचा मोठा नंबर थंड. ते आम्हाला मागनं कळलं. पन नाक मला तवाच दिसलं व्हतं.

आन् मी काय केलं? एक एक फडक्यानं पुसला, दिराच्या हातात दिला. सहा खेपा तोंड उघडता आलं असतं. मनात एवढंच — येऊ दे गाडी फटफट करत माघारी, कळू दे कुनाला काय येतं ते. घाटाचं मनात आलं न्हाई का? आलं. चौथ्या प्लगाला आलं.

खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी बसली. प्लग तापून लाल झाले, पिस्टनला भोक पडलं. नवरी हळदीच्या अंगानं भर उन्हात रस्त्याकडंला उभी ऱ्हायली, मुहूर्त गेला. शेठ परत कधी आमच्या दारात आले न्हाईत, बाकीचं गिऱ्हाईक बी हळूहळू तुटलं.

दिरानं जुने-नवे प्लग फरशीवर आपटले. आता फरक सगळ्यांनाच दिसत व्हता. शालन रडली न्हाई. माझ्याकडं वळून म्हनली, “आक्का, पुसताना तुम्हाला दिसलं न्हाई का वो? तुमच्या हाताला तर कळतं.”

माझ्या हाताला कळतं, हे सगळ्या घरात तिलाच तेवढं ठाव व्हतं. कवा बघितलं असंल तिनं?

मी म्हनले, “मला अडानीला काय इचारती बाई? शिकलेली तू.”

मालकांनी तिची वही बंबात घातली. तिनं परत गॅरेजात पाय ठेवायचा न्हाई असं ठरलं. आयुष्यभर लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या तिनं. आन् गॅरेज बंद पडंस्तवर प्लग परत माझ्याकडं आले. मी घेतले.

आता ती खराडीला, लेकाकडं. मालक गेले, दीर गेला, आम्ही दोघीच उरलो. आठवड्याला तिचा फोन येतो. मागल्या खेपेला बोलता बोलता म्हनली, “गॅरेज माझ्या पायी गेलं आक्का. एका नंबरापायी. तुम्ही कधी बोलून दाखवलं न्हाई, म्हनून आज मी म्हनते.”

मी ऐकलं सगळं. मग म्हनले, “जेवलीस का?”