फुटेल असा टीव्ही

सोफेवालीच्या घरात टीव्ही टिकत नाही, हा आमच्या इमारतीचा आवडता विनोद होता. मॅच हरली की तळमजल्यावरून धाडकन आवाज यायचा, मग काच सांडल्याचा खळखळाट, आणि मग चिडीचूप. तिसऱ्या मजल्यावरचा घरांचा एजंट गॅलरीत येऊन ओरडायचा, "टीव्ही बाद!" लोक हसायचे. मीही एकदा हसले असेन. तेव्हा बाकी काही ठाऊक नव्हतं.

सोफेवालीचा नवरा सोफे दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा अर्धवट सोललेला एक सोफा खोलीत पडला होता आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. तिनं नवऱ्याची हत्यारं उचलली ती उचललीच. जुना सोफा आला की ती त्याला उलटा पाडते, पोटावरचं कापड टराटरा फाडते, आतडी काढावीत तसा काथ्या उपसते. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात भरलेली असते. जिभेनं एकेक खिळा पुढे सारायचा, ओठांतून काढायचा, छोट्या लोखंडी हातोडीनं एका घावात बसवायचा. तोंडात खिळे असल्यावर माणूस फार बोलणार कसा? तिच्या कमी बोलण्याचं कारण आम्ही तेवढंच समजत होतो. पुढची खोली कारखाना, मागची घर. दोन्हींत रेक्झिनचा वास.

मुलगा एकच. तिशी उलटलेला, गोदामावर रखवालदार. दारात उभा राहिला की खोलीतला उजेड जातो एवढा. ती त्याला राजा म्हणते, म्हणून इमारतही म्हणते, जरा कुचेष्टेनं. तापट आहे पण मनानं चांगला, असं बायका सांगत. मला हे वाक्य ऐकलं की चीड येते. मनात शिरून कोण बघून आलंय? हात दिसतो तेवढा बघावा.

सोफेवालीच्या भुवईवर व्रण आहे. ओठ कधी सुजलेला, दंडावर कधी जांभळा पट्टा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्प्रिंग उडाली." सोफ्यात स्प्रिंगा असतात, त्या उडतात, हे खरं आहे. त्या नेमक्या कानशिलातच कशा उडतात, असं विचारायला कुणाला सुचलं नाही.

तर शेवटचा टीव्ही फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी एजंटानं जिन्यात राजाला गाठलं आणि म्हणाला, "राजे, पुढचा टीव्ही लोखंडाचाच बनवून घ्या." राजानं त्याची कॉलर धरली आणि डोकं कठड्यावर आपटलं. एकदा नाही, सोडवेपर्यंत. एजंटाचा पुढचा दात पायरीवर पडला. चारजण लागले त्याला आवरायला. सगळी इमारत जमलेली बघून राजा शरमला असावा. छातीवर हात ठेवून त्यानं जाहीर केलं, की यापुढे तो टीव्हीला बोट लावणार नाही, आता चांगल्यातला आणायचा, आणि त्याला ओरखडा जरी आला तरी आपलं नाव बदला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना अक्कल आली. सोफेवाली खाली बसून पायरीवरचं रक्त पुसत होती. तिचा हात तिथल्या तिथे थांबला. चेहरा असा झाला, जणू शिक्षा सुनावली गेली.

पगार झाल्यावर राजानं तिला टीव्ही आणायला पाठवलं. चांगल्यातलाच आण, हे दहादा बजावून. तिनं मला सोबत नेलं, कारण दुकानातल्या पाट्या इंग्रजीत. मी म्हातारी असले तरी मला असली कामं आवडतात. दुकानदारांना फालतू बोलू न देणं मला जमतं.

भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. आमच्यापुढे दोन ठेवले. एक स्वस्तातला, चित्र फिकट, आवाज डब्यात बोलल्यासारखा, प्लॅस्टिक हलकं. दुसरा मधल्या किमतीचा, दीडपट महाग, पण रंग भरदार, आवाज स्वच्छ, वॉरंटी जास्त. विक्रीला उभी असलेली मुलगी हुशार होती. तिनं सांगितलं की महागड्या टीव्हीच्या पडद्यावर वरून आणखी एक जाड काच असते आणि तो भिंतीवर उंच लावता येतो. मी सोफेवालीला चार वाक्यांत समजावलं. स्वस्तातला घेशील तर वर्षानं पुन्हा इथेच येशील. महाग घे, विषय संपव.

तिनं पुढे होऊन बोटाच्या पेरानं महागड्या टीव्हीची काच वाजवून बघितली. लाकूड वाजवून बघते तशी. मग मुलीला विचारलं, "हा फुटत नाही?"

मुलगी अभिमानानं म्हणाली की सहजासहजी नाही.

"मग तो नको. फुटेल असा द्या."

मुलीला हसू आलं. मला संताप आला. मी सोफेवालीला बाजूला ओढलं आणि चांगलंच झापलं, की पैसे उधळायची हौस असेल तर मला कशाला आणलंस, आणि मुलगा स्वतः सुधारायचं म्हणतोय तर तू का आडवी येतेस. ती ऐकून घेत होती. मग मान खाली घालून म्हणाली,

"बाई, टीव्ही फुटला नाही तर तो मला फोडतो."

आणि तिथेच, वॉशिंग मशीनच्या रांगेआड, तिनं सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यानं स्टूल फेकलं ते तिच्यावर. ती वाकली, स्टूल टीव्हीत घुसलं. काच कोसळल्याचा आवाज झाला आणि त्याच्या अंगातलं भूत उतरलं. खाली बसून रडला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेव्हापासून त्याची मान लाल व्हायला लागली की ती जाऊन टीव्हीला लागून उभी राहायची आणि हात सुटला की बाजूला व्हायची. कधी उशीर व्हायचा. त्या स्प्रिंगा.

नवऱ्याचा मार बायका निदान बहिणीला सांगतात. मुलाचा मार कुणाला सांगणार? वाढवला कुणी, हा प्रश्न आधी येतो. मी म्हटलं, पोलिसांत चल, आत्ता. ती म्हणाली, पोटचा आहे. मी म्हटलं, म्हणून काय झालं? ती वळली. काउंटरवर गेली आणि स्वस्तातल्याचे पैसे भरले.

खोकं आम्ही दोघींनी रिक्षातून आणलं. मी मुद्दाम आत गेले, निघा म्हटलं असतं तरी निघाले नसते. राजानं खोक्यावरचं चित्र बघितलं. विचारलं, हाच आणलास? तुझ्या लायकीचा? मी मध्ये पडून सांगितलं की मीच निवडला. त्यानं मला एका हातानं बाजूला केलं, म्हणजे मी काथ्याच्या ढिगावर जाऊन पडले आणि चष्मा पायाखाली गेला. सोफेवाली टीव्हीपाशी सरकली. आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात तिनंच घाईघाईनं खोकं फाडून तो टेबलावर उभा केला होता.

आणि राजानं टीव्ही उचलला. मला वाटलं, आता आपटणार. त्यानं तो दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला धरावं तसा उचलला, मागच्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवला, वर उशी टेकवली. दिलेला शब्द पाळला. मग परत आला आणि तिच्या तोंडावर ठोसा मारला.

ती हातोड्या-दाभणांच्या फळीवर आदळली. नाकातून रक्ताची धार लागली. त्यानं केस धरून तिला उभं केलं, डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा हात मागे नेला. मी ओरडत होते, कोण ऐकतंय! तेवढ्यात तिची हातोडी फिरली. एकच घाव, मनगटावर. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला, तरी दुसऱ्या हातानं तिचा पाय ओढला. तिनं दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा उगारला तो डोक्याच्या वर होता, आणि तो तिनं कसा थांबवला हे तिचं तिलाच माहीत. राजा लहान मुलासारखा "आई, आई" करत होता.

लोक म्हणतात, म्हातारीला ढकललं म्हणून सोफेवाली पेटली. साफ खोटं. मी पडले तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तो टीव्ही अलगद ठेवून आला, तेव्हा ती पेटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट कसं मोडलं ते विचारलं. राजा जिन्यावरून पडलो म्हणाला. सोफेवालीच्या नाकात कापूस कोंबलेला होता, तरी शब्द स्पष्ट आले.

"पडला नाही. मी मारलं. त्याआधी त्यानं मला मारलं. दोन्ही लिहा."

पोलीस आले, लिहून घेतलं. राजाला घरी येऊ देणार नाही, एवढंच ती सांगत राहिली. नातेवाईक बोलले, आई आहेस की कोण? तिनं तोंडात खिळे भरले आणि कामाला लागली. राजा आता गोदामाच्या खोलीत राहतो. मनगट जरा वाकडंच जुळलंय.

सुट्टीच्या दिवशी येतो. दार वाजवतो आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहतो. ती कडी न काढता फटीतून विचारते, जेवलास का. मग चहाचा कप पायरीवर ठेवते आणि दार लावून घेते. तो तिथेच बसून चहा पितो, कप नळाखाली धुऊन उंबऱ्याशी ठेवतो. परवा त्यानं विचारलं, आई, आत येऊ? आतून हातोडीचे घाव ऐकू येत राहिले. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.